दुसऱ्या कुणीतरी घातलेली चादर

आईने बावीस वर्षं हायवेवरच्या एका हॉटेलात खोल्या आवरल्या. काशीगावात आम्ही राहायचो तिथून ते चालत पंधरा मिनिटांवर होतं. सकाळी आठला जायची, दिवसाला बारा-चौदा रूम करायची आणि घरी येऊन आमची एक. यंदा तिच्या उजव्या खांद्याने ऐकायचं सोडलं तेव्हा तिने काम सोडलं. मी म्हटलं, कुठेतरी जाऊया, दोन दिवस नुसतं बसायला. ती म्हणाली, "हॉटेलात जाऊ." कुठल्या गावातल्या, ते काही बोलली नाही. मला वाटलं थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. तिला काय हवं होतं ते मी इथेच सांगून टाकते. मला ते कळायला तिथे पोचूनही पुरा एक दिवस लागला, वाचणाऱ्याला तेवढं ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. आपण बाहेर जावं, मागे कुणीतरी खोली आवरावी आणि परत येऊन आपण त्या चादरीवर आडवं व्हावं, एवढंच तिला हवं होतं. आयुष्यात तिच्यासाठी कुणी कधी अंथरूण घातलं नव्हतं. बाळंतपणातसुद्धा नाही, असं ती नंतर म्हणाली.

आमच्या घरात अशा इच्छा बोलून दाखवायची पद्धत नव्हती. बाबा भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ते पत्रकांवरच. 'कामगार' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी लिहिता यायचा. आठवीत असताना माझं पहिलं पत्रक त्यांनी दोन शब्द बदलून तसंच छापायला दिलं होतं. त्यामुळे सहलीचं गाव निवडणंही ठराव मांडल्यासारखं झालं. स्वस्तातला परदेश म्हणून सगळे जातात तिथे जायचं नाही, असं मी जाहीर केलं. व्हिएतनाम तत्त्वात बसत होतं. माळ्यावरच्या गठ्ठ्यात त्या देशाच्या लढ्याला पाठिंबा देणारं एक पिवळं पडलेलं पत्रक होतं, बाबांनी ते काढून दाखवलं, पण स्वतः यायला नकार दिला. "तुम्ही मायलेकी लोळा तिकडे," ते म्हणाले. "मी आपला घरी, इंद्रलोकमध्येच बरा."

आम्ही निवडलेलं दा नांग हे समुद्राला लागून लांबच लांब पसरलेलं शहर आहे. किनाऱ्याला समांतर एक रुंद रस्ता, रस्त्याच्या अलीकडे उंच हॉटेलं, पलीकडे नारळीची झाडं आणि मऊ, फिकट वाळू. आमचं हॉटेल मागच्या गल्लीत होतं. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत हाताच्या पंज्याएवढा समुद्र दिसायचा. संध्याकाळी पोचल्यावर मी आधी तो बघितला. आईने खोली बघितली. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवरून बोट फिरवलं, गादीचा कोपरा उचलून चादर कशी खोचलीय ते पाहिलं, न्हाणीघरातल्या आरशाकडे तिरकं उभं राहून डाग शोधले.

"बाई चांगली आहे," ती म्हणाली. कुठली बाई, हे मला क्षणभर कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचलाच उठलो, कारण आईला त्यापुढे झोप येत नाही. किनाऱ्यावर आमच्याआधी अर्धं गाव हजर होतं. तिथली माणसं उन्हाला टाळतात; पोहणं, व्यायाम, गप्पा, सगळं सूर्य वर यायच्या आत उरकून घेतात. सत्तरीच्या बायका फुलाफुलांचे कपडे घालून गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या आणि बाजारात भेटल्यासारख्या बोलत होत्या. आई रत्नागिरीची, पण समुद्र तिने कामासाठीच पाहिलेला. पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत वर धरून ती आत गेली आणि लाटेकडे पाठ करून उभी राहिली. एका बाईने तिला हाताने खुणावलं, अजून आत ये.

"नको, इथेच ठीक है," आई म्हणाली. आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की तोंडातून हिंदी निघते. पूर्ण दोन दिवस ती सगळ्या शहराशी हिंदीतच बोलली आणि तिचं कुठेच काही अडलं नाही.

परत येऊन नाश्ता केला, बाहेर पडायची तयारी झाली, आणि मी खोली आवरायला घेतली. चादरी ओढल्या, उशा मांडल्या, पेले विसळले, ओले टॉवेल दोरीवर नीट वाळत घातले. आई दारात चपला घालून उभी होती.

"राहू दे ना गो."

"आपला पसारा दुसऱ्या बाईने का उचलायचा?" मी म्हटलं. "तुझ्यासारखीच कोणीतरी असणार ती."

आई लिफ्टकडे चालू लागली. मी दाराच्या मुठीला 'त्रास देऊ नये'ची पाटी अडकवली, पाटीचा फोटो काढला आणि बाबांना पाठवला. खाली लिहिलं, आज एका कामगाराचं एका खोलीचं काम कमी. बाबांचं उत्तर लिफ्ट खाली पोचायच्या आत आलं: शाब्बास.

तो दिवस खरं तर छान गेला. बाजारात आईने सुकट बघितली, वास घेतला, ठीक आहे म्हणाली. दुपारी एका टपरीवर गवती चहाच्या पाण्यात उकडलेल्या शिंपल्यांतल्या तिसऱ्या खाल्ल्या. आईच्या मते त्यात खोबरं आणि चार कोकमं कमी होती, पण रस्सा तिने वाटी उचलून प्यायला. मग ऊन चढलं म्हणून आम्ही खोलीवर आलो. आईने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. पलंग सकाळी मी केला होता तसाच, मधोमध फुगलेला.

"कोणी आलं नव्हतं?" तिने विचारलं.

"पाटी आहे ना."

ती खुर्चीत बसली. पलंगावर पडली नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून खिडकीतला पंज्याएवढा समुद्र बघत राहिली. मला वाटलं, दमली असेल.

संध्याकाळी वाळूत बसलो होतो. शेजारी बांबूच्या विणलेल्या गोल होड्या उपड्या घालून ठेवल्या होत्या, मोठ्या टोपल्यांसारख्या. आई त्यातल्या एकीच्या विणीवरून हात फिरवत म्हणाली, "उद्या ती पाटी नको लावूस."

मी कारण विचारलं नाही, सरळ भाषण सुरू केलं. श्रम कुणाचे, आराम कुणाचा, वगैरे. तिने ते संपू दिलं.

"तुम्हां बापलेकींना पत्रकं लिहिता येतात," ती म्हणाली. "रूम मी केल्यात. पाटी लागली म्हणजे काम गेलं असं नसतं. ती रूम मागे राहते. चारला निघायची वेळ झाली की पाटी निघते, आणि सुपरवायझर म्हणतो, वर जाऊन ये. आणि दुसऱ्या दिवशी तीच रूम दुप्पट घाण."

"मला माहीत नव्हतं."

"विचारलंस कधी?"

 मग तिने ते सांगितलं, जे मी वर लिहिलंय. समुद्राकडे बघत, भाजी काय आणायची ते सांगावं तशा आवाजात. "तेवढ्यासाठीच आले," ती म्हणाली. "विमानात बसायची मला काही हौस नव्हती."

बावीस वर्षांत तिच्या हॉटेलबद्दल मी दोन पत्रकं लिहिली होती. एक पगारी रजेबद्दल, एक गणवेशाबद्दल. दोन्हींत 'आमच्या भगिनी' असा शब्द होता. त्या भगिनीला विचारून एकही ओळ लिहिलेली नव्हती.

उरला एकच दिवस. परवा पहाटे आमचं विमान होतं, म्हणजे खोली आवरली जायची ती उद्याच.

सकाळी आईने पाटी स्वतः उलटी केली. दुसऱ्या बाजूला झाडूचं चित्र होतं. पलंगाला हातही न लावता आम्ही निघालो. दारातून मागे वळून तिने त्या चुरगळलेल्या चादरीकडे पाहिलं; तिला ते सोसत नव्हतं हे दिसत होतं, पण ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

बाराला परत आलो. खोली तशीच.

"आपली शेवटी ठेवली असेल," आई म्हणाली. "काल पाटी होती ना. मीही तेच केलं असतं."

दोनला पुन्हा वर गेलो. तशीच. आता माझा पारा चढला. खाली काउंटरवर जाऊन सांगते म्हटलं, पैसे भरलेत आपण.

"खाली सांगितलंस तर बोलणी तिला बसतील," आई म्हणाली. "चल, पाण्यावर."

आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी बऱ्याच गोष्टींसाठी ठिय्या दिलाय, पण नुसतं थांबायचं, कुणाला जाबही विचारायचा नाही, हे मला जमत नव्हतं. आईला जमत होतं. नारळीच्या सावलीत तिने चप्पल उशाला घेतली आणि लाटा मोजल्यासारख्या बघत राहिली. दुपारच्या उन्हात किनारा रिकामा होता. दूर एक माणूस त्या गोल होडीत उभा राहून एकाच वल्ह्याने ती डुलवत पुढे नेत होता. अर्ध्या तासाने माझ्याही खांद्यांतला ताण गेला. आम्ही दोघी बहुतेक थोडा वेळ झोपलोही.

चारला वर गेलो तेव्हा सफाईचा गाडा आमच्या दाराशी होता आणि दार उघडं. आत आईच्याच वयाची, तिच्यापेक्षा बुटकी बाई गादीवरची चादर काढत होती. आम्हाला पाहून ती गडबडली, दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. दहा मिनिटं.

"आराम से," आई म्हणाली, आणि मला धरून दाराबाहेर आली.

व्हरांड्यात बसायला काही नव्हतं. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. आतून चादर झटकल्याचा आवाज आला.

"एका झटक्यात नाही बसली," आई हळूच म्हणाली. परत आवाज आला. "आता बसली."

मग काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, बाईचा सुस्कारा आला. आईचा हात दाराकडे गेलेला मी पाहिला. गादी उचलून कोपरा खोचताना एकटीला त्रास होतो, हे तिच्या उजव्या खांद्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार. ती एक पाऊल पुढे झाली. मग तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि तिथेच उभी राहिली.

"जाऊ का मी?" मी विचारलं.

"नको. तिचं काम आहे. तिला करू दे."

बाई बाहेर आली, कपाळ पुसलं आणि आमच्यासाठी दार धरून उभी राहिली. आई आत गेली. सवयीप्रमाणे कोपऱ्याकडे वाकली, मग बाई बघतेय हे लक्षात येऊन सरळ झाली. बाई हसली. तिने स्वतःच पुढे येऊन गादीचा कोपरा उचलून दाखवला: घडी दुहेरी, कडा सुरीने कापल्यासारखी.

"बहुत अच्छा," आई म्हणाली. "मेरे से भी अच्छा."

बाई गाडा ढकलत पुढच्या दाराकडे गेली. आई पलंगाशी उभीच राहिली. चादरीवर एक सुरकुती नव्हती आणि पांघरूण इतकं घट्ट खोचलेलं होतं की आत शिरायचं तर ते ओढून काढावं लागणार होतं.

"मोडू?" तिने मला विचारलं.

"तुझ्यासाठीच घातलंय."

तिने वाळू झटकायला पाय टॉवेलने पुसले, दोनदा. एका बाजूचं पांघरूण थोडंसंच सोडवलं आणि पाकिटात कागद सरकवावा तशी आत शिरली. हात बाहेर, पोटावर. जरा वेळ छताकडे बघत राहिली, मग डोळे मिटले.

किनाऱ्यावरची शेवटची संध्याकाळ बघायची असं आमचं ठरलं होतं. साडेसहाला खिडकीतल्या फटीत समुद्र काळसर झाला. आई झोपली होती, आणि मी तिला उठवलं नाही.