उद्या सकाळी नऊ वाजता

ही घटना मी आजही भेटेल त्याला सांगतो. नोकरीचं शेवटचं वर्ष. इंदूरच्या सायबर शाखेचा मी प्रभारी होतो, तेही कागदोपत्री. संगणकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

फिर्यादी महूच्या एक निवृत्त नर्सबाई. यजमान फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशनसाठी ठेवलेली सगळी पुंजी गुंतवणुकीच्या एका बनावट ॲपने गिळली. फिर्याद देताना बाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साहेब, डॉक्टर म्हणाले, दो महिने से ज़्यादा थांबू नका."

ज्या मोबाइलवरून त्यांना फोन आले, त्याचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असतो तो ओळख क्रमांक, आम्ही शहरातल्या दुरुस्तीवाल्यांना कळवला. चौथ्या दिवशी मी रोजनामचा तपासत होतो, तेव्हा स्नेहलतागंजचा एक दुकानदार समोर येऊन बसला.

"भियाजी, हा फोन मी दुरुस्तीला खोललाय. फोनवाला मागच्या गल्लीतला इंजिनिअर आहे. दिनभर लॅपटॉपवर ग्राफ बघतो अन् म्हणतो, रेट गिरने दो, फिर देखना."

दोन पंच घेऊन छापा घातला. लॅपटॉप जप्त, पंचनामा, अटक. आरोपी पस्तिशीचा, चांगल्या शिकलेल्या घरातला. तीन दिवसांची रिमांड मिळाली. पहिला दिवस तो तोंडच उघडेना. शनिवारी सकाळी मात्र हसून म्हणाला, "साहेब, तुम्ही मला कोंडलंय, प्रोग्रामला नाही."

त्याचा अर्थ मला आमच्या उपनिरीक्षकेने सांगितला. एका शाळामास्तरांची मुलगी, वय तिशीच्या आत, हुशारी अशी की माझ्यासारख्याला धडकी भरावी. लोकांचे पैसे क्रिप्टो चलनात बदलून त्याने इंटरनेटवरच्या शेकडो डिजिटल पाकिटांत विखरून ठेवले होते. ते हलवायचे तर प्रत्येक व्यवहाराला नेटवर्कचं शुल्क पडतं, आणि ते कधी एकसारखं नसतं. गाडी आली की स्टेशनवरचे रिक्षावाले भाडं चढवतात ना, तसंच गर्दी झाली की शुल्क चढतं. आमचा गडी पक्का चिक्कू! शुल्क कधी तळाला जाईल, हे ओळखायला त्याने मशीनला शिकवलं होतं. कुठल्याशा भाड्याच्या सर्व्हरवर ते टपून बसलं होतं. भाव पडला की सगळा माल आपोआप देशाबाहेर, कायमचा. सर्व्हर कुठे आहे, आम्हाला ठाऊक नव्हतं.

"सर, नेटवर्कचा जुना डेटा तर ओपन असतो," ती म्हणाली. "आपण पण मॉडेल ट्रेन करू ना, त्याच्यासारखंच मशीनला शिकवू."

"अगं, हे काय ज्योतिष आहे का?"

"नाही सर. ज्योतिषी चुकला की ग्रहांवर ढकलतो. हे चुकलं तर मी परत शिकवते."

दुपारी तिने पुढच्या चार तासांच्या शुल्काचे अंदाज कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवले. मी तो कागद घेऊन स्क्रीनसमोर बसलो. पहिल्या तासाला आकडा जवळपास तोच. म्हटलं, योगायोग. दुसऱ्या तासालाही तेच, तिसऱ्यालाही. बाप रे! जगभरात कोण घाईत आहे, कोण निवांत, यातला एक माणूस आमच्या ओळखीचा नाही, आणि त्या सगळ्यांच्या घाईची चढउतार ही पोरगी आधीच लिहून मोकळी झाली होती. खरं सांगतो, मी मनातल्या मनात तिला हात जोडले.

"उद्या रविवार, सकाळी नऊ," ती म्हणाली. "अमेरिकेत शनिवारची रात्र, युरोप उठलेला नाही, अन् आपण पोहे खातोय. सबसे सस्ता टाइम."

आता पाळी माझी होती. आरोपीला चहा दिला, समोर बसलो आणि म्हणालो, "उद्या सकाळी नऊ वाजता."

कप त्याच्या हातातच राहिला. ही वेळ त्याच्या प्रोग्रामखेरीज कुणाला कळणार नाही, अशी त्याची खात्री होती. "सर्व्हर मिला आपको?"

मी गप्प. प्रश्न विचारला की आरोपी उत्तर रचतो. काहीच विचारलं नाही तर त्याला धरायला काही सापडत नाही. शेवटी कप खाली ठेवून तो म्हणाला, "मी थांबवतो. पण मीच थांबवलं असं लिहा, कोर्टात कामाला येईल." पंचांसमोर त्याच्या निवेदनाचा मेमोरंडम झाला, पासवर्ड मिळाले, प्रोग्राम बंद पडला. कोर्टाच्या परवानगीने माल ताब्यात आला.

रविवारी काम संपलेलं होतं, तरी आम्ही सगळे स्क्रीनसमोर उभे राहिलो. नऊ वाजून वीस मिनिटांनी शुल्क धपकन खाली आलं, त्याने प्रोग्रामला ठरवून दिलेल्या आकड्याच्याही खाली. आम्ही काही केलं नसतं तर त्या क्षणी सगळं गेलं असतं. मी टेबलावर हात आपटून "शाबास!" म्हणालो. उपनिरीक्षका मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "वीस मिनिटं चुकले, सर."

माणूस ओळखायचा तर त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, असं मी आयुष्यभर नव्या पोरांना सांगत आलो. या प्रकरणाने मला शिकवलं की माणसाच्या सवयी त्याच्या डोळ्यांपेक्षा जास्त बोलतात. कोट्यवधी लुटणारा हा गडी शुल्काच्या चार पैशांसाठी थांबला, आणि तेवढ्यात सापडला. आणि हेही शिकलो, की निवृत्तीच्या उंबरठ्यावरसुद्धा हाताखालच्या माणसाकडून शिकायला लाज वाटू नये.

डॉक्टरांचं पत्र वाचून न्यायाधीशांनी बाईंची रक्कम लवकर सुपूर्द केली. माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात नर्सबाई आणि सुभेदार भेटायला आले. आमची शाखा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी त्यांचे आभार स्वीकारायला पुढे झालो, तर सुभेदार मला ओलांडून गेले आणि त्या पोरीसमोर टाच आपटून त्यांनी कडक सलाम ठोकला. ती गोंधळून म्हणाली, "काका, बसा ना, जिना चढून आलात."

"बेटा, तेच तर दाखवायला आलो," ते म्हणाले, आणि उभेच राहिले.