मालूमावशीची वाक्यं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय — ठाऊक नाही. पण आता गप्प बसवत नाही.

मी अंधेरीच्या एका कंपनीत होते. बोललेलं ऐकून दिवा लावणारं, फोन लावणारं यंत्र आम्ही मराठीत बनवत होतो — ज्यांना उठता येत नाही, ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांच्यासाठी. चांगलं काम होतं ना? मलाही तसंच वाटायचं.

खारदांड्याची मालूमावशी आमच्याकडे आवाज रेकॉर्ड करायला यायची. जन्मभर मासळी विकलेली बाई. पॅरालिसिसनंतर उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. शब्द अर्धे तोंडातच राहायचे. तरी सुनेचा हात धरून आठवडाभर आली, शेकडो वाक्यं बोलली. घाम पुसत हसायची — "घे पोरी, अजून एक घे."

मग साहेबांना यंत्र दाखवायचा दिवस जवळ आला. मावशीची वाक्यं धरली की यंत्राच्या चुका वाढायच्या. प्रत्येक रेकॉर्डिंगवर खूण करायचं काम माझं — हे बोलणं, की गोंगाट? गोंगाटातून यंत्र शिकत नाही, तो टाकून देतं. मी मावशीच्या वाक्यांवर 'गोंगाट' अशी खूण केली. सगळ्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निदान... नाही, तेही नको.

यंत्र पास झालं. आणि तिच्या घरी बसवायला मीच गेले! "तुमच्याच आवाजावर शिकलंय, मावशी." सुनेचं त्याने लगेच ऐकलं. मावशीचं नाही. "होईल त्याला सवय," म्हणाले, आणि निघाले.

दोन महिन्यांनी सुनेचा फोन आला. मावशी मोरीत पडली होती. सून बाजारात. 'सुनेला फोन लाव, सुनेला फोन लाव' — मावशी यंत्राला सांगत राहिली, सून दुपारी परतेपर्यंत. खुब्याचं हाड मोडलं होतं.

शिव्या खायची तयारी केली मी. पण सून म्हणाली, "मॅडम, आई म्हणतात चूक त्यांचीच. नीट बोलताच नाही आलं. तुम्ही येऊन शिकवाल का त्यांना?"

गेले. सांगायचंच ठरवून गेले — वाटेत शब्दही जुळवले होते. मावशी खाटेवर उशांना टेकून यंत्राशी बोलायचा सराव करत होती. "बघ गं, आता जमतं का." बोलली. यंत्र गप्प.

मी काय केलं? तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मावशी, पहिल्या अक्षरावर जरा जोर द्या." तिने दिला. "अजून थोडा." तिने दिला. तासभर मी तिचे उच्चार सुधारत राहिले. सुनेने चहा दिला, तो प्यायले.

मावशी गेल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, दोष आपल्या जिभेचा आहे. मी तिला तसंच वाटू दिलं.