चार पानांची प्रार्थना

माझ्या दुसऱ्या कादंबरीचं बाड पुण्याहून परत आलं, तेव्हा नाताळ महिन्यावर आला होता. प्रकाशकांनी सोबत लिहिलं होतं की कादंबरी पसंत आहे, पण शेवटावर पुन्हा हात फिरवा. माझी नायिका एक विधवा शिक्षिका होती. तिचा एकुलता मुलगा शहरात जाऊन तिला विसरतो आणि शेवटी ती त्याच्यासाठी प्रार्थना करते. ती प्रार्थना चार पानं चालत होती. ‘सर्वसाधारण वाचक ही पानं उलटून पुढे जाईल,’ असं त्यांचं म्हणणं. एकूणच प्रार्थनेचे प्रसंग कमी करता आले तर बरं. आणि हे सगळं नाताळाआधी हवं, कारण नंतर छापखाना शाळेच्या पुस्तकांत अडकणार.

मला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. काम होतं, ते मी करणार होते. प्रश्न फक्त वेळेचा होता.

साठ सालानंतरची ही गोष्ट. माझे यजमान टेलिफोनच्या कारखान्यात होते आणि आम्ही कँटोन्मेंटच्या बाजूला राहत होतो. बंगळुरात मराठी ख्रिस्ती घरं मोजकी. कुणी नगरचं, कुणी मिरजेचं, कुणी बेळगावकडचं. आमचं स्वतःचं देऊळ नव्हतं. एका तमिळ मंडळीने त्यांच्या चर्चमागची खोली रविवारी दुपारी आम्हाला दिली होती. उपासना घ्यायला पाळकसाहेब महिन्यातून एकदा बेळगावहून यायचे. बाकीचे रविवार आमचे आम्हीच चालवायचो, म्हणजे खरं तर बाई चालवायच्या.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. एकट्याच. जयनगर तेव्हा नुकतंच आखलं जात होतं. रस्ते होते, पण घरं विरळ. तिथे त्यांनी छोटंसं घर बांधलं होतं आणि दर रविवारी दोन बस बदलून त्या उपासनेला यायच्या. त्यांची प्रार्थना छापील पुस्तकासारखी असायची. एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि शेवटी सगळी वाक्यं आपापल्या जागी येऊन बसायची.

मी त्यांना म्हटलं, “बाई, या नाताळात मला मोकळं करा. पुस्तकाचं काम आहे.”

“लिही की. लिहू नको असं कुणी म्हटलं?” बाई म्हणाल्या. “पण पेटी कोण वाजवणार?”

पेटी मलाच येत होती. तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटला. सकाळी घरातले आपापल्या वाटेला गेले की मी जेवणाच्या टेबलावर बाड पसरायची, दुपारी आवरायची आणि संध्याकाळी मुलांना नाताळची गाणी शिकवायला जायची. मला हे जमत होतं. मधले प्रसंग मी घट्ट केले. नको ती विशेषणं भराभर उडवली. ती चार पानं मात्र बाजूला ठेवली होती. मनात पक्कं होतं की त्यांना हात लावायचा नाही, प्रकाशकांना पटवायचं. विश्वासाची गोष्ट सांगायची आणि प्रार्थनेची लाज धरायची, हे मला मान्य नव्हतं.

अशात बाई बसमधून उतरताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मिशनच्या दवाखान्यात पायाला वजन बांधून त्यांना निजवून ठेवलं. त्यांना नात्याचं जवळ कुणी नव्हतं, म्हणून मंडळीतल्या आम्ही बायकांनी दुपारच्या पाळ्या वाटून घेतल्या. मी माझ्या पाळीला बाड घेऊन जायची. बाईंना डोळा लागला की लिहायची.

एकदा त्यांचा डोळा लागला नाही. “काय खोडतेस एवढं? वाच,” त्या म्हणाल्या.

मी मोठ्या डौलाने ती चार पानं वाचली. बाई छताकडे बघत ऐकत होत्या.

“भाषा चांगली आहे,” त्या म्हणाल्या.

“पण?”

“पण ही माझी प्रार्थना आहे. रविवारची. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. घरात एकटी बसलेली बाई असं बोलेल का?”

“तुम्ही एकट्या असताना कशी करता?”

“ते तुला कशाला?” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

पुढच्या रविवारी उपासना आटोपून आम्ही सगळे त्यांच्या खाटेभोवती जमलो. सवयीने कुणीतरी म्हटलं, “बाई, आजची प्रार्थना तुम्हीच करा.” बाईंनी हात जोडले. आम्हाला वाटलं, शब्द जुळवताहेत. मग त्या म्हणाल्या, “देवा, मला फार भीती वाटते. मला चालायचंय.” आणि थांबल्या. पुढे काही आलंच नाही. आमेन म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. शेवटी माझ्या यजमानांनी हलकेच म्हटलं, तेव्हा सगळ्यांनी मान वर केली. बाईंचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ती चार पानं काढून टाकली. पटवापटवीचा विचार सोडून दिला. त्या जागी बाईंची दोन वाक्यं जवळजवळ तशीच घातली, आणि ती अशी चपखल बसली की मला आनंद झाला. पण विचारल्याशिवाय ठेवणं बरं वाटेना. माझ्या पाळीला गेले तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मी ते देवाला सांगितलं होतं गं. तुम्ही तिथे होतात, म्हणून तुमच्या कानावर पडलं. तुझ्या शिक्षिकेचा पाय मोडलेला नाही. तिचं तिला काय म्हणायचंय ते शोध.”

“वेळ कुठे आहे, बाई? पार्सल निघायला हवं.”

“मग लवकर शोध.”

मी हसले, पण त्यांचं म्हणणं मला पुरतं पटलं होतं. त्यांची दोन वाक्यं बाडातून खोडून त्यांची त्यांना परत दिली आणि घरी आले.

त्या आठवड्यात यजमानांची पाळी बदलली होती, मुलं दुपारी शाळेत. मी एकटीच जेवायला बसले. आमच्या घरात जेवणाआधी जी छोटी प्रार्थना म्हणतात, ती म्हटली: “हे अन्न आम्हाला दिलंस, म्हणून...” आणि माझं मलाच हसू आलं. टेबलावर एक ताट, आणि मी म्हणतेय ‘आम्हाला’. हसू ओसरलं तशी मला ती शिक्षिका दिसली. ती रोज एकटी जेवते. रोज ‘आम्हाला’ म्हणते. तो शब्द बदलला तर मुलगा गेला असं तिने स्वतःच कबूल केल्यासारखं होईल, आणि तो तसाच म्हणायचा तर रोज घशात अडकतो.

भात तसाच राहिला. मी ताटावरून तशीच उठले आणि लिहायला बसले. शिक्षिका ताटावर बसते, त्या शब्दाशी अडखळते, थांबते, आणि मग तो मोठ्याने, ठासून म्हणते. एवढंच. चार पानांचं अर्धं पान झालं. मुलं शाळेतून आली तेव्हा मी भिंतीला टेकून रडत होते आणि मला अगदी मस्त वाटत होतं.

पार्सल वेळेत गेलं. सोबत मी प्रकाशकांना कळवलं की शेवट तुमच्या सांगण्याप्रमाणे लहान केला आहे, बाकीचे प्रार्थनेचे प्रसंग मात्र आहेत तसेच राहतील. ते काढले तर ही बाई उभीच राहणार नाही. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं: ‘राहू द्या.’

नाताळची गाणी ठरल्याप्रमाणे झाली. एक संध्याकाळ आम्ही ती दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हटली. पेटी उचलून न्यायला तमिळ मंडळीतले दोघे अण्णा आले आणि शब्द येत नसतानाही आमच्याबरोबर गायले. ईस्टरला बाई काठी टेकत उपासनेला आल्या. किंचित लंगडत होत्या, तो लंगडेपणा शेवटपर्यंत राहिला. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली ती पुन्हा छापील पुस्तकासारखी. मला ती जुनी वाक्यं ऐकून फार बरं वाटलं.

पुस्तक निघाल्यावर बरेच महिने इथे त्याची कुणाला खबर नव्हती. मग एकदा चिकपेटेत आमच्या नेहमीच्या दुकानात कापड घ्यायला गेले. दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी, घरी मराठी बोलायचे, गिऱ्हाइकाशी कन्नड. त्यांची बायको आतून आली आणि म्हणाली, “अक्का, ते पुस्तक तुमचंच ना? माझ्या बहिणीने सांगलीहून धाडलं. स्वल्प बसा.”

मी बसले. तिने कॉफी मागवली.

“आमच्यात तुमच्यासारखी प्रार्थना नाही,” ती म्हणाली. “पण माझा थोरला भांडून मद्रासला गेला, त्याला दोन वर्षं झाली. अजून सणाला ताटं मांडताना माझ्याकडून एक जास्तच मांडलं जातं. हे म्हणतात, उचल. मी नाही उचलत.”

“नका उचलू,” मी म्हटलं.

“सरी, बरं,” ती म्हणाली, आणि माझ्यासाठी कापडाचं नवं ठाण उलगडायला लागली.