ताइशोंचं आणि कावळ्यांचं जुनं वैर

जपानमध्ये प्रत्येक कचऱ्याला वार असतो. सोमवारी जळणारा, बुधवारी बाटल्या, शुक्रवारी प्लास्टिक. चुकीच्या वारी पिशवी ठेवलीत, तर संध्याकाळी तीच पिशवी कपाळावर चिठ्ठी लावून तुमची वाट बघत बसलेली असते. किस्से कुठल्या वारी टाकायचे, ते मात्र मला कुणी सांगितलं नाही. मग काय, साठले! नव्वदच्या दशकात आम्ही ओसाकाला होतो. त्यातली चार वर्षं मी ताइशोंच्या दुकानात पार्टटाइम काम केलं, आणि ढिगातला निम्मा माल तिथलाच आहे.

ताइशो म्हणजे दुकानाचे मालक. खरं नाव तोकुमारू-सान, पण त्या नावाने हाक फक्त पोस्टमन मारायचा. दुकान ओकोनोमियाकीचं. कोबी घातलेलं जाडजूड थालीपीठ समजा, गिऱ्हाइकाच्या समोरच तव्यावर भाजलेलं. माझा नवरा युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, मुलगी सई शाळेत, आणि मी घरात भिंतींशी मराठी बोलत होते. एक दिवस दारावर ‘माणूस पाहिजे’ अशी पाटी दिसली आणि सरळ आत शिरले.

“आधी काय करायचीस?” ताइशोंनी विचारलं.

“शाळेत गणित शिकवायचे. आणि तुम्ही?” मालकाला उलट प्रश्न विचारायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

“बॉल फेकायचो.”

“ते झालं हो. पण काम काय करायचात?”

“तेच. एकवीस वर्षं.”

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, बिचाऱ्याला आयुष्यात धड नोकरी मिळालेली दिसत नाही! दुसऱ्या दिवशी एक सुटाबुटातले बडे साहेब आले, काउंटरला कपाळ टेकेल इतके वाकले आणि गळ्यातला टाय काढून त्यावर ताइशोंची सही घेऊन गेले. मी कोबी चिरता चिरता थांबले. कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यांना हळूच विचारलं, “हे आहेत तरी कोण?”

“तुमच्या देशात क्रिकेटचा एखादा देव असेलच ना?” ते म्हणाले. “तो तुला कोबी चिरायला सांगतोय, असं समज.”

*

कोपऱ्यातले ते म्हातारे म्हणजे हामाबे-सान. ताइशो बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे आपला बोलर, आणि हे त्यांचे कॅचर. कॅचर समोर उकिडवा बसतो आणि कुठला बॉल टाकायचा ते मांड्यांच्या मधून बोटांनी सांगतो. एक बोट म्हणजे सरळ आणि वेगात. दोन बोटं म्हणजे वळणारा. पिचरला पटलं नाही तर तो मान हलवतो.

चॅम्पियनशिपच्या शेवटच्या मॅचच्या शेवटच्या बॉलला हामाबे-साननी दोन बोटं दाखवली. ताइशोंनी मान हलवली आणि सरळ टाकला. बॅट्समनने तो थेट प्रेक्षकांत पाठवला. चॅम्पियनशिप गेली! त्याला पंचवीसेक वर्षं झाली होती, पण दोघांचं भांडण त्याच दुपारचं असल्यासारखं ताजं होतं.

“एकदा तरी कबूल कर, माझा बॉल बरोबर होता,” ताइशो तव्यामागून म्हणायचे.

“मेलो तरी नाही!” हामाबे-सान कोपऱ्यातून.

त्यात गंमत अशी, की हामाबे-सान ऑर्डरसुद्धा बोटांनीच द्यायचे. एक बोट म्हणजे बिअर, दोन म्हणजे चहा. डॉक्टरांनी त्यांची बिअर बंद केलेली. त्यामुळे रोज एक बोट वर व्हायचं, रोज ताइशो मान हलवायचे. मग नाइलाजाने दोन बोटं. ताइशो लगेच होकार देऊन किटली उचलायचे.

“त्या दिवशीही दोनच दाखवली होती रे!” हामाबे-सान ओरडायचे. “तेव्हा नाही म्हणालास! चहाला मात्र बरी मान डोलते!”

आमची सई शाळेतून तिथेच यायची आणि हे सगळं टिपून घ्यायची. घरी नवऱ्याने विचारलं, “कारल्याची भाजी वाढू?” तर बाईसाहेबांनी नुसती मान हलवली. “मग वरण?” पुन्हा मान. “अगं, मग पाहिजे तरी काय?” पाहिजे होतं आइस्क्रीम. त्याला तीन बोटं होती, आणि हे एव्हाना बाबांना कळायला हवं, असं तिने जपानीत ऐकवलं.

*

एकदा दुपारी ताइशो देवळातून आले ते तणतणतच. गेले होते स्वतःसाठी थडग्याची जागा घ्यायला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिच्या अस्थी अजून घरातच, एका डब्यात, उंच फळीवर. आता दोघांसाठी एकच दगड घ्यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण देवळातले गुरुजी म्हणाले, वारस कोण? दगड धुणार कोण, फुलं बदलणार कोण? बघणारं कुणी नसलं, तर काही वर्षांनी दगड काढतात आणि अस्थी सगळ्यांच्या एकत्र ढिगात जातात.

“स्टेडियम भरून माणसं माझं नाव ओरडायची,” ताइशो म्हणाले. “आता एक नाव लिहून द्या म्हणतात, तर एक नाव नाही.” उलथनं हातात तसंच राहिलं. मला फार वाईट वाटलं हो. एवढा मोठा माणूस, आणि दगडावर पाणी घालायला कुणी नाही!

हामाबे-सान म्हणाले, “माझं नाव दे.”

“तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहेस!”

काहीतरी धीर द्यावा म्हणून मी मधे बोलले. माझी ही खोड जुनीच. म्हटलं, आमच्यात थडगं नसतंच. अस्थी नदीत सोडतात. दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात, आणि कावळा शिवला, म्हणजे चोच लावून गेला, की समजायचं माणूस समाधानाने गेला.

“आणि नाही शिवला तर?”

“तर काहीतरी इच्छा राहून गेली म्हणायचं.”

ताइशोंचा चेहरा खर्रकन उतरला. “मग माझं काही खरं नाही,” ते म्हणाले. समुद्रकाठच्या गावात त्यांचे वडील मासे वाळवायचे आणि हे राखणीला बसायचे. कावळा दिसला की दगड! त्यावरच हात तयार झाला. गावच्या मास्तरांनी ते बघितलं आणि यांना मैदानावर नेलं.

“पण दगड लागायचे थोडेच!” मी म्हटलं.

“मला विचारतेस?” ताइशो दुखावून म्हणाले. “माझा नेम कधी चुकला नाही.”

*

दुसऱ्या दिवसापासून ताइशोंनी कावळ्यांशी तहाची बोलणी सुरू केली! दुकानामागे रोज सकाळी थालीपीठाच्या कडा ठेवायला लागले. आधी दोन कावळे आले, मग वीस. अख्खी गल्ली कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी टाकून कावळे हाकलत होती, आणि हा बाबा त्यांना पंगती वाढत होता! शेवटी मोहल्ला कमिटीच्या बाई तक्रार घेऊन आल्या. ताइशो वाकले, माफी मागितली, पुन्हा वाकले. बाई गेल्यावर माझ्याकडे वळले.

“मेधा-सान, ते चेहरे लक्षात ठेवतात का गं?”

“ठेवतात म्हणे.”

“तेच तर!” म्हणाले, आणि उरलेल्या कडा घेऊन हळूच मागच्या दाराने गेले.

*

वारसाचा प्रश्न सोडवला तोही बेसबॉलनेच. एक दिवस हामाबे-साननी भिंतीवरचा मेनू उलटा केला आणि मागे नऊ आकडे लिहिले. बॅटिंग ऑर्डर! पहिला गेला की दुसऱ्याने दगड बघायचा, दुसरा गेला की तिसऱ्याने. एकावर नंबर हामाबे-सान. मग मासेवाला, न्हावी, असे वयाप्रमाणे एकेक गिऱ्हाईक. नववी मी. तसा माझा व्हिसा आता दोनच वर्षांचा उरला होता, पण सगळ्यांत तरुण मीच होते. आम्ही तो मेनू तसाच उचलून देवळात नेला.

गुरुजींनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली. आमचे जीव टांगणीला! असले वारस त्यांनी जन्मात पाहिले नसणार.

“चौथा नंबर रिकामा का?” त्यांनी विचारलं. चौथ्या नंबरला टीमचा सगळ्यांत भारी बॅट्समन येतो.

“तेवढा मोठा माणूस गिऱ्हाइकांत मिळाला नाही,” हामाबे-सान म्हणाले.

गुरुजी उठले, ब्रश आणला आणि चारावर स्वतःचं नाव घातलं. मग कान लाल होईपर्यंत लाजले आणि ताइशोंपुढे एक जुना बॉल सहीसाठी धरला.

*

पुढच्या हिवाळ्यात ताइशो गेले. दुपारी पीठ भिजवलं, जरा पडतो म्हणाले, आणि झोपेतच गेले. मी त्या दिवशी घरी येऊन खूप रडले.

तिकडे अस्थी एकोणपन्नासाव्या दिवशी दगडाखाली ठेवतात. आम्ही नऊही जण हजर होतो. ताइशो आणि त्यांची बायको शेजारी शेजारी विसावले. दगडावर पाणी घातलं, फुलं ठेवली. मी घरून एक ओकोनोमियाकी भाजून नेलं होतं, ते दगडासमोर ठेवलं. तिथे पाटी होती, ‘खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत, कावळे येतात.’ गुरुजी पाटीकडे पाठ करून उभे राहिले.

कावळा आला. पण शेजारच्या दगडावर बसला, आणि पुढे काही सरकेना.

मी हात जोडून मराठीत म्हटलं, “ताइशो, आम्ही नऊजण आहोत. काळजी करू नका.” कावळा ढिम्म. सईने जपानीत सांगितलं, “दहावी मी आहे.” तरी ढिम्म. थंडीने पाय गारठले. मासेवाला म्हणाला, लहानपणी मारलेल्या त्या दगडांचा राग धरलाय त्याने.

तेव्हा हामाबे-सान पुढे झाले. काळा सूट, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. दगडाला धरून हळूहळू ते उकिडवे बसले, डावा हात ग्लोव्हसारखा पुढे धरला आणि मांड्यांच्या मधून दोन बोटं दाखवली.

कावळ्याने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे.

“बघा!” हामाबे-सान आमच्याकडे वळून म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “अजून ऐकत नाही!”

मग ते पुन्हा कावळ्याकडे वळले. आणि त्यांनी एक बोट मिटून घेतलं.

कावळा खाली उतरला आणि शिवला.