नव्या बाईंची सगळ्यात चांगली वही

ही हकीकत सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून, मग निवृत्त झालो म्हणून, मग आता कोण विचारतंय म्हणून. आज सत्तरी उलटली आहे आणि टाळायला लागणारी ताकदही पूर्वीसारखी उरलेली नाही, तेव्हा सांगून टाकतो. सातवीच्या वर्गात शिरताना ज्यांना मनापासून आनंद होतो अशी माणसं या जगात दोनच प्रकारची. एक, ज्यांनी सातवीचा वर्ग कधी पाहिलेलाच नाही अशी. आणि दुसऱ्या आमच्या नव्या बाई.

नव्या बाई सांगलीकडच्या. यजमान लष्करात, बदली होऊन झाशीजवळच्या बबीना छावणीत आलेले. बाई बी.एड. झालेल्या, तिशीच्या आतल्या. शिकवण्याचा अनुभव काही नाही, म्हणजे उत्साह भरपूर. झाशीतल्या आमच्या शाळेत त्यांना एका वर्षासाठी गणिताला घेतलं तेव्हा मी उपमुख्याध्यापक होतो. काम पाहून एप्रिलमध्ये कायम करू, असं ठरलं होतं. आमचं घराणं दोनशे वर्षांहून जास्त काळ झाशीत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आणि नातवंडं तर आता घरातसुद्धा मला ‘दादाजी’ म्हणतात. त्यामुळे स्टाफरूममध्ये मराठी बोलणारं माणूस आलं याचा मला खरोखर आनंद झाला होता. आम्ही दोघं मराठीत बोलू लागलो की बाकीचे शिक्षक चहाचा कप खाली ठेवून संशयाने पाहत. आपल्याविषयीच चाललंय अशी त्यांची खात्री असे, आणि ती बहुधा बरोबर असे.

बाईंचा पहिला विक्षिप्तपणा असा, की सहावी-सातवीची पोरं ही माणसं आहेत असा त्यांचा समज होता. तास सुरू होण्याआधी त्या दारात उभ्या राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला नावानिशी ‘नमस्ते’ करीत. पहिले चार दिवस मुलांना ही कसलीतरी नवीन शिक्षा वाटली. एक-दोघं तर नमस्ते ऐकताच कान पकडून उभे राहिले. मी बाईंना समजावलं, ‘बाई, नमस्कार त्यांनी आपल्याला करायचा असतो.’ त्या म्हणाल्या, ‘करतात की सर. मी फक्त आधी करते.’ तीस वर्षांच्या सेवेत मला कोणी आधी नमस्कार करायला लावला नव्हता, त्यामुळे विषय तिथेच संपला.

दुसरी खोड वाट पाहण्याची. आपण शिक्षक लोक प्रश्न विचारतो आणि तीन सेकंदांत उत्तर आलं नाही की स्वतःच देऊन टाकतो. अभ्यासक्रम पुरा होतो तो अशानेच. बाई प्रश्न विचारत आणि थांबत. नुसत्या थांबत. एकदा मी व्हरांड्यातून जात असताना सातवीत इतकी शांतता होती, की मला वाटलं कोणीतरी वारलं. डोकावलो तर रजनी नावाची मुलगी उभी, आणि बाई तिच्याकडे पाहत हसऱ्या चेहऱ्याने उभ्या. ही रजनी जवळच्या ‘मोठ’ नावाच्या गावची, झाशीतल्या सीपरी बाजारात मावशीकडे राहून शिकायची. सहावीच्या पूर्ण वर्षात तिने हजेरीला ‘उपस्थित’ याखेरीज तोंडातून शब्द काढला नव्हता. तिचं न बोलणं आम्ही सगळ्यांनी सोयीचं म्हणून मान्य केलं होतं. प्रश्न होता, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज किती. बऱ्याच वेळाने रजनी जेमतेम ऐकू येईल अशी म्हणाली, ‘तीन.’ वर्ग खदखदला. बाईंचा चेहरा मात्र असा उजळला, की घरी कोणाला सुभेदारी मिळाली असावी. ‘कोने तो तीन ही हैं, रजनी ने बिल्कुल ठीक गिने,’ त्या म्हणाल्या. ‘अब बताओ, हर कोना कितना खुला है, वह कैसे नापेंगे?’ आणि पोरगी उत्तर द्यायला लागली. त्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, ‘सर, आज रजनी चुकली.’ दुसऱ्या कोणी एवढ्या आनंदाने लग्नाचं आमंत्रणही दिलं नसतं.

पण खरा कळस म्हणजे ती वही. लाल पुठ्ठ्याची, लांबट. तिच्यात बाई मुलांच्या चुका उतरवून घेत. सगळ्या नव्हे, निवडक. डाव्या पानावर चूक, मुलाचं नाव आणि शेजारी ‘शाबाश’. पान उलटलं की मागे बरोबर रीत, त्याच मुलाच्या अक्षरात. दर शनिवारी आठवड्यातली सर्वोत्तम चूक निवडली जाई, चुकणारा फळ्यापाशी येऊन आपण तिथवर कसे पोचलो ते सांगे, आणि वर्ग टाळ्या वाजवी. आमच्या काळी चुकणाऱ्याला वेगळं काही वाजत असे. एका शनिवारी मी चौकशीसाठी म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो. एका पोराने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं होतं. तो म्हणाला, ‘मैडम जी, पहले दो गेंद में एक चौका मारो, फिर तीन गेंद में एक। पाँच गेंद में कित्ते भए? दो। तो दो बटे पाँच। अब बताओ, का गलत है?’ बाई माझ्याकडे वळल्या. ‘सर, तुम्हीच सांगा की.’ तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने घड्याळ पाहिलं, ऑफिसात काम असल्याचं सांगितलं आणि तो बाहेर पडला. त्यानंतर मधल्या सुट्टीत, कोणी नसताना, मी ती वही चोरून वाचत असे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मागची पानंसुद्धा वाचत असे, हे मुद्दाम नोंदवतो.

फेब्रुवारीत निरीक्षणाचा दिवस आला. आमच्याकडे निरीक्षणाची एक पक्की रीत होती. प्रत्येक वर्गाच्या टेबलावर एक वही ठेवायची. ती वर्गातली सर्वांत सुंदर अक्षराची मुलगी पंधरा दिवस आधीपासून उतरवत असे, आणि निरीक्षक साहेब तीच पाहत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांनाही. म्हणून कोणी कोणाला समजावून सांगत नसे. मी बाईंना एवढंच म्हणालो, ‘उद्या टेबलावर तुमची सगळ्यात चांगली वही ठेवा.’ बाईंनी ठेवली.

वर्गात साहेब, त्यांच्यासोबत मी, आणि मुलं. शिक्षकाने बाहेर व्हरांड्यात थांबायचं, हीसुद्धा रीतच. साहेबांनी लाल वही उघडली. दो बटे पाँच, शाबाश. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. ‘यह क्या पढ़ाया जा रहा है?’ मी काही म्हणणार तोच मागच्या बाकावर रजनी उभी राहिली. कोणी तिला विचारलं नव्हतं. ‘साहब, ये गलतियों की कॉपी है,’ ती म्हणाली. आवाज अख्ख्या वर्गाला ऐकू जात होता. ‘सही वाला पीछे लिखा है। पन्ना पलट के देख लो।’

एक पान उलटायचं होतं. माझा हात वहीपासून वीतभर अंतरावर होता. पण त्या महिन्यात माझ्या दोन वर्षांच्या मुदतवाढीची फाइल व्यवस्थापकांपुढे होती, आणि साहेबांच्या कपाळावरची आठी मला जास्त जवळची वाटली. मी रजनीकडे पाहून म्हणालो, ‘बैठ जाओ।’ ती बसली. मग साहेबांना म्हणालो, ‘नई हैं, साहब। देख लेंगे।’

व्यवस्थापकांनी लेखी अहवाल मागवला. मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: विषयाचं ज्ञान अपुरं, चुकीच्या उत्तरांना उत्तेजन. मार्चअखेर बाईंना नोकरी संपल्याचं पत्र मिळालं; खाली सही व्यवस्थापकांची होती. मला मुदतवाढ मिळाली. सातवीचा तो वर्ग आठवीत गेला तेव्हा गणित मीच घेतलं. पहिल्या दिवशी प्रश्न विचारला. एकही हात वर झाला नाही. मी रजनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, आणि वर्षभर हजेरीखेरीज बोलली नाही. शिस्त उत्तम राहिली. पुढच्या निरीक्षणात तसा शेराही मिळाला.

गेल्या उन्हाळ्यात सीपरी बाजारात मी भाजी घेत होतो. मागून कोणीतरी मराठीत म्हणालं, ‘सर, वळखलं का?’ नव्या बाई. केसांत थोडी चांदी, हातात वह्यांची पिशवी. यजमानांची बदली फिरून पुन्हा बबीनाला झाली होती आणि त्या तिथेच एका शाळेत शिकवत होत्या. भर बाजारात वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरलो तरी लावला.

‘सर, कितीतरी दिवस सांगायचं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘तेव्हा आत तुम्ही माझी बाजू घेतली असणार, मला ठाऊक आहे. तुमची तर मुदतवाढ अडली होती, तरी. यांनाही मी तेच सांगते, एक माणूस होतं तिथं आपलं.’ मग रजनीचं विचारलं. मी म्हणालो, मोठला परत गेली, पुढचं माहीत नाही. ‘हुशार होती हो,’ त्या म्हणाल्या.

मला बोलायचं होतं. भाजीवाला, गिऱ्हाइकं, कडेचे ऑटोवाले, मराठी कळणारं आसपास कोणीही नव्हतं. ऐकणाऱ्या त्या एकट्याच होत्या. वाक्य तर नऊ वर्षं तयार होतं: बाई, तो अहवाल मी लिहिला. एवढ्यात ऑटोवाल्याने विचारलं, ‘मैडम जी, बस अड्डे चलना है?’ त्या पिशवी सावरून बसल्या आणि माझ्याकडे पाहत थांबल्या. नुसत्या थांबल्या, मला काही म्हणायचं आहे हे ओळखून.

मी म्हणालो, ‘ऊन फार आहे, बाई. जपून जा.’