टाचेखालचा दगड

मोजणीच्या अर्जावर तिचं नाव होतं. ते मी विसरलो, पण तिचे अनवाणी पाय विसरता येत नाहीत.

वसईच्या खाडीकाठी तिच्या वारलेल्या वडिलांचं शेत होतं. वाटणीसाठी मोजायला मी गेलो होतो. "पोरगी पन पोराएवढीच वारस, साहेब," एवढंच ती म्हणाली.

तिचा भाऊ हसला. "पंचवीस वर्सं सासरी हाय ही. हिला शेतातलं काय म्हायती? हद्दीचे दगड तं भरतीच्या पान्यात कवाच गेले."

दगडांशिवाय माझं यंत्र आंधळं. मी आवरायला लागलो, तेव्हा तिनं चपला काढल्या, डोळे मिटले आणि बांधावरून चालू लागली. एका जागी टाचा रोवून थांबली.

"खना."

हातभर खाली दगड निघाला. पुढच्या कोपऱ्यावर दुसराही तसाच. मी आवरलेलं यंत्र पुन्हा उघडलं.

"कसं कळतं तुम्हाला?"

"दगड पुरला का बापूस मना त्याच्यावर उभी करायचा. म्हनायचा, पोरी, इसरू नको."

तिसऱ्या जागी माती भुसभुशीत लागली. खाली दगड नव्हता. चिखलात नुसता त्याचा ठसा होता, आणि त्यात हळूहळू पाणी भरत होतं.

तिनं डोळे उघडले नाहीत. आमच्याकडे वळलीही नाही. मातीलाच विचारल्यासारखं म्हणाली, "बाबा, हितला कोनी काढला?"

 भावानं गुपचूप पायांतल्या चपला काढल्या.