बाबांचा अर्धा महाल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक.

बाबा साताऱ्याहून आमच्याकडे वेलिंग्टनला राहायला आले होते. आयुष्यभर ड्राफ्ट्समन, रिकामं बसवेना. कुठल्याशा पुस्तकात त्यांना इटलीतला एक जुना महाल सापडला. बांधायला काढणारा उमराव अर्ध्यातच वारला, आणि जेवढं उभं राहिलं त्यातलंही काही पुढे लढाईत पडलं. बाबांना त्या उमरावाची फार हळहळ. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्यांनी तो महाल केला — जसा आहे तसा, अर्धा आणि पडका. म्हणाले, "यंदा गणपती यातच बसवू. त्या बिचाऱ्याला राहायला मिळालं नाही, निदान बाप्पा तरी राहील."

दर्शनाला ऑफिसातले, मंडळातले सगळे येणार, आणि आमच्याकडे मोडका महाल? पण बाबांना तोंडावर नाही म्हणायची हिंमत — ती कुठून आणायची?

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी जमीन जराशी हलली. इथे हलतेच. चहा हिंदकळला, एवढंच. बाबा माझ्या मुलीला, रेवाला, शाळेत सोडायला गेले होते. घरात मी एकटा. आणि मी — कसं सांगू? — मी तो महाल मोडला.

ते परतल्यावर म्हणालो, "भूकंपात पडला, बाबा."

"तुला लागलं नाही ना?" त्यांनी आधी हे विचारलं. मग तुकडे वेचत बसले.

"बट द अर्थक्वेक वॉज टायनी, डॅड," संध्याकाळी रेवा म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. एवढ्याशा पोरीवर — खरं बोलली म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाप्पा तयार मखरात बसले. ते मी आधीच मागवून गाडीच्या डिकीत लपवलं होतं — हेही आत्ताच सांगतोय. आरतीला आलेल्या प्रत्येकाला बाबा हात जोडून सांगत होते, "महाल केला होता हो. माझाच पाया कच्चा राहिला." मी शेजारी उभा राहून प्रसाद वाटत होतो.

त्यानंतर त्यांनी पुठ्ठ्याला हात लावला नाही. आता ते साताऱ्याला परत गेलेत; फोनवर रेवा काही करून मागते, तेव्हा म्हणतात, "माझ्या हातचं टिकत नाही गं आता." मी ऐकतो.

पाया कच्चा नव्हता. भिंती पटकन चुरगळल्या. तळ मात्र दोन्ही हातांनी ओढला तरी सुटेना. शेवटी मी त्यावर पाय दिला.